नावाची ठेव

गेल्या चातुर्मासातली गोष्ट. एकादशीचे कीर्तन आटोपले, आरती झाली, माणसे फराळाला पांगली, आणि एक तरुण कीर्तनकार माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसला. पोर आमच्याच पंचक्रोशीतले. मृदंगावर हात बसेना म्हणून रडताना मी त्याला पाहिले आहे. हल्ली त्याची कीर्तने मोबाइलवर हजारो लोक ऐकतात, आणि ती ऐकण्यासारखी असतात हेही सांगून टाकतो. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "आबा, ब्लू टिक घ्यावी म्हणतो. पण मनाला टोचतंय. हा अहंकार तर नाही ना?"

ज्या वाचकांना हा शब्द परका असेल त्यांच्यासाठी दोन ओळी. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स (पूर्वीचे ट्विटर) या माध्यमांवर कोणीही कोणाच्याही नावाने खाते उघडू शकतो. फोटो चिकटवला, नाव घातले, की झाले. तेव्हा अमुक खाते त्याच नावाच्या माणसाचे आहे हे कळावे म्हणून नावापुढे एक निळी खूण देतात. गुरुजी आपल्या पाटीवर 'बरोबर'ची खूण करीत, तशीच ती दिसते. तिलाच ब्लू टिक म्हणतात.

"तुला रे कशाला हवी?" मी हसून म्हटले. "लोक तुला ओळखतात की!"

"ओळखतात म्हणूनच पंचाईत झाली," तो म्हणाला. आणि पुढे त्याने जे सांगितले ते ऐकून माझे हसू ओसरले.

कोणीतरी त्याच्या नावाने दुसरे खाते काढले होते. फोटो त्याचाच, कीर्तनाचे तुकडेही त्याचेच. त्या खात्यावरून चार जणांना निरोप गेले, की यंदा वारीत अन्नदानाची पंगत घालतो आहे, जमेल तेवढे पाठवा. बहुतेकांनी काणाडोळा केला. एका आजींनी मात्र नातवाकडून फोन चालवून घेतला आणि चार हजार रुपये पाठवले. शेळी विकून आलेले पैसे, स्वतःच्या वारीसाठी बाजूला ठेवलेले. ते दिल्यावर वारीला जायला जवळ काही उरले नाही; तेव्हा आपल्या पैशाचा घास वारकऱ्यांच्या मुखी लागतो आहे, तीच आपली वारी, असे म्हणून म्हातारी आनंदाने घरी राहिली. महिन्याने हा पोरगा त्याच गावी कीर्तनाला गेला. आजी पुढे आल्या, पायावर डोके ठेवले आणि विचारले, "महाराज, पंगत कशी झाली?"

"आबा, मी काय उत्तर देणार होतो?"

त्याने माध्यमाच्या कंपनीकडे तक्रारी केल्या. एकदा नाही, चारदा. दर वेळी यंत्राने लिहिलेला तोच तो जबाब, की आम्हाला यात काही वावगे आढळले नाही. शेवटी कोणी सुचवले, महिन्याचे पैसे भर आणि निळी खूण घे, म्हणजे खरा कोण हे लोकांना दिसेल. आता याचे मन दोहींकडे ओढ घेत होते. खूण घेतली तर मिरवण्याचे पाप, न घेतली तर दुसरी एखादी आजी बुडण्याचे पाप.

मी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. आपल्याला ज्याची माहिती नाही त्यावर निरूपण करू नये, असा माझा आपला नियम आहे. तो पाळला असता तर माझी निम्मी प्रवचने झालीच नसती, हे सोडा. घरी येऊन नातीला जवळ बसवले आणि या खुणेची कुळकथा समजून घेतली.

ही खूण जन्माला आली ती अशाच एका तक्रारीतून. २००९ साली अमेरिकेत टोनी ला रूसा नावाचे बेसबॉलच्या एका मोठ्या संघाचे व्यवस्थापक होते. त्यांच्या नावाने कोणी ट्विटरवर खाते उघडले आणि त्यांच्याच तोंडी, त्यांच्याच संघातील दिवंगत खेळाडूची टवाळी घातली. मे महिन्यात त्यांनी कंपनीवर दावा लावला. जूनमध्ये कंपनीने जाहीर केले की प्रसिद्ध व्यक्तींची खाती तपासून आम्ही त्यांवर खूण करू. म्हणजे मुळात ही खूण वाचणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून आली. माणसाला मोठे म्हणण्याचा हेतू तिच्यात नव्हता.

येथे थोडे थांबून एक विचार करू. नाव कोणाच्या मालकीचे असते? आपण चटकन म्हणू, ज्याचे त्याचे. पण पाहा, आपले नाव आपण स्वतः किती वेळा उच्चारतो? दिवसातून एकदाही नाही. ते दुसरेच वापरतात. आईबाप ठेवतात, गाव हाक मारते, आणि हळूहळू त्या नावात लोक आपापला विश्वास टाकीत जातात. हा शब्दाचा पक्का आहे, याचे माप खरे, याच्या हाती पोर सोपवावे. अशी वर्षानुवर्षे भर पडून नाव जड होते. तेव्हा नाव म्हणजे आपल्या पेढीवर इतरांनी ठेवलेली ठेव. पेढी आपली, ठेव आपली नव्हे. आजींनी चार हजार रुपये दिले ते त्या भामट्याला नव्हे. या पोराच्या नावाला दिले, कारण त्याच्या पाच-सहा कीर्तनांतून त्यांचा विश्वास तिथे जमा झाला होता. भामट्याने लुटली ती आजींची ठेव.

मग या पोराचा दोष किती? कायद्याने काहीच नाही. पेढीवर दरोडा पडला तर पेढीवाला चोर ठरत नाही. पण ठेवीदार दारात आले की पुढे येऊन बोलावे त्यालाच लागते. आत बसून, "चोरी कोणी केली त्याला विचारा," असे म्हणून चालत नाही. त्याने आजींचे चार हजार स्वतःच्या खिशातून दिले. मला विचाराल तर ते त्याचे देणे नव्हते, आणि तरीही त्याने दिले हे योग्यच झाले. या दोन वाक्यांत विसंगती दिसेल. पण प्रपंचात ज्यांनी कोणाचा शब्द सांभाळला आहे त्यांना ती दिसणार नाही.

असे असेल तर खूण घेणे म्हणजे पेढीला कुलूप लावणे. कुलूप लावणाऱ्याला कोणी अहंकारी म्हणत नाही.

इतके सोपे असते तर हा लेख इथेच संपला असता. पण ते कुलूप बाजारात विकायला आले, आणि तिथून घोटाळा सुरू झाला.

२०२२ च्या ऑक्टोबरअखेर ईलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतले. त्यांचे म्हणणे असे की खूण असलेले सरदार आणि खूण नसलेली रयत, हा भेद बंद करू. महिना आठ डॉलर भरील त्याला खूण. या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. आधीच्या पद्धतीत नटांना, पुढाऱ्यांना, पत्रकारांना खूण मिळे; सामान्याने अर्ज केला तरी उत्तराची खात्री नसे. पण भेद मोडताना त्यांनी तपासणीच मोडली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विक्री सुरू झाली, आणि नाव कोणाचे, माणूस कोण, हे पाहिल्यावाचून खुणा वाटल्या गेल्या. १० नोव्हेंबरला एकाने एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने खाते काढले, आठ डॉलरची खूण लावली आणि जाहीर केले, की आता इन्सुलिन फुकट मिळेल. मधुमेहाचे ते औषध त्या देशात किती महाग आणि त्यापायी गरीब माणूस कसा मेटाकुटीला येतो, हे ठाऊक असणाऱ्यांना त्या एका ओळीचे वजन कळेल. कोणाला ती कंपनीला दिलेली चपराक वाटली. पण जो खरोखरच औषधासाठी पैसे मोजत बसला होता त्याने क्षणभर काय मानले असेल? खऱ्या कंपनीला माफी मागावी लागली. दुसऱ्या दिवशी तिचा शेअर चार टक्क्यांहून अधिक उतरला, अर्थात त्याला हे एकच कारण होते असे म्हणता येत नाही. विक्री थांबवली गेली आणि डिसेंबरात नव्या नियमांनी पुन्हा सुरू झाली.

आता विकले काय गेले, ते पाहा. आठ डॉलरला किंमत आली ती त्या निळ्या रंगामुळे नव्हे. २००९ पासून तेरा वर्षे तपासून तपासून लोकांच्या मनात जो भरवसा बसला होता, ती त्या खुणेची किंमत. तो भरवसा वाचणाऱ्यांचा होता. कंपनीने दुसऱ्याची ठेव मोडून विकली, आणि ठेवीदारांना कळलेसुद्धा नाही.

कोणी म्हणेल, पैसे घेतले म्हणून इतका राग का? मंडळी, पैसे घेण्यावर माझा राग नाही. आपल्या वाण्याच्या दुकानातील वजने पाहा. वैधमापनशास्त्र खात्याचा निरीक्षक ती तपासतो, त्यांवर शिक्का मारतो, आणि त्याची फी घेतो. फी वाणीच भरतो. पण वजन कमी भरले तर दुप्पट फी देऊनही शिक्का मिळत नाही, किंवा मिळू नये. आणि एकदा शिक्का मिळाला म्हणून जन्माची सोय झाली असेही नाही. ठराविक मुदतीने ते वजन पुन्हा काट्यावर चढते. तपासणीची फी निराळी आणि शिक्क्याची किंमत निराळी. तपासणीची फी प्रामाणिक माणसाकडून घ्या, तो कुरकुरत का होईना देईल. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीने जून २०२३ मध्ये आपल्याकडे खूण सुरू केली, तेव्हा मोबाइलवरून महिना ६९९ रुपये दर ठेवला. पण सरकारी ओळखपत्र मागून ते खात्यावरील नाव-फोटोशी जुळवून पाहण्याची अट घातली. दर जास्त वाटो, कमी वाटो, तिथे निदान काटा आहे.

एक शल्य मात्र उरतेच. ज्याच्या नावाची चोरी झाली त्यानेच महिन्याच्या महिन्याला कुलपाचे भाडे भरायचे, हा कोणता न्याय? आपल्या सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी जे नियम काढले त्यांत मोठ्या समाजमाध्यमांना सांगितले आहे, की वापरणाऱ्याने स्वखुशीने ओळख पटवून द्यायची म्हटली तर ती सोय ठेवा आणि तशी दिसेल अशी खूण द्या. पण आजींची ठेव सांभाळणे हा ज्या कंपनीचा धंदा नाही, तिच्या दारात नियम किती वेळ उभा राहणार! डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने एक्सला १२ कोटी युरो दंड ठोठावला. कारणे तीन होती, आणि त्यांतले एक हेच, की ओळख नीट न तपासता पैशाने मिळणारी ही खूण लोकांची दिशाभूल करते.

आता गमतीचा भाग. २० एप्रिल २०२३ रोजी जुन्या, फुकट मिळालेल्या खुणा एक्सने, म्हणजे तेव्हाच्या ट्विटरने, काढून घेतल्या. अमिताभ बच्चन यांनी, पैसे भरले आहेत, आता आमची खूण परत लावा, अशी हात जोडून गमतीची विनवणी केली. आपल्या सचिन तेंडुलकरांना एकाने विचारले, आता तुम्हीच खरे हे कशावरून ओळखायचे? त्यांनी स्वतःच्या हाताने टिकचा आकार करून तो फोटो पाठवला. मला तो जबाब फार आवडला. आणि त्याच आठवड्यात कोबी ब्रायंट, चॅडविक बोसमन अशा, २०२० मध्येच हे जग सोडून गेलेल्यांच्या खात्यांवर खूण उगवली. तिच्याखाली मजकूर काय, तर यांनी वर्गणी भरली असून यांचा फोन नंबर पडताळला आहे!

हसून झाले. आता टोचणारा भाग.

ही खूण सांगते एवढेच, की अमुक नावाचा माणूस तो हाच. तो कसा आहे याबद्दल ती मुकी आहे. वजनावरचा शिक्का वजन खरे म्हणतो. साखरेत रवा मिसळला आहे का, हे त्याला कुठे ठाऊक? २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील शार्लट्सव्हिल गावी गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुकारा करणारा मेळावा झाला, त्यात एका बाईचा जीव गेला. नोव्हेंबरात ट्विटरने त्या मेळाव्याच्या संयोजकाला निळी खूण दिली. लोक खवळले. कंपनीने कबूल केले, की खूण ओळखीची होती, पण लोक तिला पसंतीची आणि मोठेपणाची समजू लागले आहेत. आणि सर्वांसाठी अर्ज घेणे बंद केले, ते मे २०२१ मध्ये पुन्हा उघडले. सरळ पाहिले तर खूण खोटी नव्हती. तो माणूस तोच होता. तरीही लोकांचा राग पोकळ नव्हता, कारण ओळखीच्या पाटीवर मानाचा भात वाढला जात होता, आणि हे सर्वांना माहीत होते.

गाठ इथे आहे. गैरसमज वाचणाऱ्याचा, आणि लाभ माझा. मी खोटे काही बोललो नाही. मी फक्त गप्प बसलो. एका सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकाराच्या नावाखाली 'ब्लू टिक प्राप्त' असे छापलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहे. ते त्या महाराजांनी छापायला सांगितले नसेल. पण पत्रिका हाती आल्यावर, "अहो, हे काढा, ही काही पदवी नव्हे," असे तरी म्हटले का? ज्या क्षणी कुलूप दागिन्यासारखे गळ्यात घातले, त्या क्षणी पेढी उघडी पडली. ठेवीदारांच्या विश्वासाचे व्याज मी स्वतःच्या मानाकडे वळवले. याला अफरातफरच म्हणतात, आणि ती एक खोटा शब्द न बोलता करता येते.

आपल्यातले काही जुने लोक म्हणतील, संतांना कोणती खूण होती? देव ओळखतो ना, मग झाले. हे ऐकायला गोड आहे. पण तुकोबारायांनाही सालोमालोचा ताप झाला होताच. महाराजांचे अभंग घ्यायचे आणि शेवटी आपली नाममुद्रा घालून गायचे, हा त्याचा उद्योग. महाराजांनी त्याची दखल घेतली, अभंगांतून त्याला सुनावले; देव पाहून घेईल म्हणून गप्प राहिले नाहीत. ज्यांना कीर्तीचा लोभ नव्हता त्यांनी हे केले. का? माझ्या अल्पमतीला असे वाटते, की आपले बोल कोणाचे म्हणून लोकांच्या कानी पडतात, याची काळजी ऐकणाऱ्यासाठी घ्यावी लागते. देव ओळखतो हे खरे. शेळी विकणाऱ्या आजी फोनच्या काचेतून कशा ओळखणार?

आणि खूण मुळीच न घेण्याचाही एक अहंकार असतो, बरं का. "मला असल्या गोष्टींची गरज नाही," हे वाक्य चारचौघांत म्हणून पाहा, जिभेला कसे गोड लागते.

आठ दिवसांनी पोरगा पुन्हा आला. मी म्हटले, "घे. पण दोन गोष्टी कर. पत्रिकेवर, फलकावर, कुठेही तिचा उल्लेख होऊ देऊ नको. आणि तिच्यावर विसंबू नको. खुणेची नक्कल करणारेही निघतील, आणि तुझे खरे खातेही उद्या कोणी फोडील."

"मग आजींसारख्यांनी करायचं काय?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो म्हणाला, "मी एक ठरवलंय. दर कीर्तनात, पसायदानाच्या आधी, सांगायचं, की मी फोनवरून कधीही पैसे मागत नाही, मागणारा मी नव्हे. कोणी मागितलेच तर मला बोलायला लावा, आवाज ऐका."

"आवाजाचीही नक्कल होते म्हणतात हल्ली."

"होते ना," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. "मी आजींना तेही सांगितलं. तर म्हणाल्या, लेकरा, मग मी तुला विचारीन."

"काय विचारणार?"

"परवा विचारलंच त्यांनी. सणाची चौकशी करायला फोन केला होता मी. तर आधी म्हणाल्या, तू तोच असशील तर सांग, तू माझ्या घरी जेवायला आलास तेव्हा ताटात मीठ वाढायचं राहिलं होतं, ते कोणी आणून दिलं?"

"मग?"

"म्हटलं, आजी, कोणीच नाही. मी तसंच जेवलो. तेव्हा म्हणाल्या, हां, आता बोल."